कुलूपबंद पान

किल्ल्या हरवण्याच्या बाबतीत आमच्या घरात माझा हात धरणारा कोणी नाही. कपाटाची, स्कूटरची, कॉलेजातल्या मराठी विभागाच्या खोलीची, अशा सर्व प्रकारच्या किल्ल्या मी यथासांग हरवून बसलो आहे. एकदा बायकोने कंटाळून माझ्या जुडग्याला एक छोटी घंटा बांधून दिली. चार दिवस मी बैलासारखा वाजत हिंडलो आणि पाचव्या दिवशी घंटेसकट किल्ल्या गेल्या.

अशा माणसाच्या हाती गेल्या आषाढात एक किल्ली आली. ती पितळेची नव्हती की लोखंडाची नव्हती. ती कॉम्प्युटरातली एक चिमुकली फाइल होती, उघडून पाहिले तर नुसता अर्थहीन अक्षरांचा गोंधळ. ही हरवली तर कुलूप फोडून देणारा लोहार साऱ्या जगात मिळणार नाही, अशी ताकीद मला माझ्या भाच्याने दिली होती. माझी झोपच उडाली.

ती किल्ली माझ्याकडे कशी आली हे सांगायचे तर आमच्या अण्णांच्या वह्यांपासून आरंभ करावा लागेल.

अण्णा टपाल खात्यात होते. कारकून म्हणून लागले आणि सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावचे पोस्टमास्तर म्हणून १९९४ साली निवृत्त झाले. रोज रात्री जेवणानंतर रोजनिशी लिहिण्याचा त्यांचा नेम होता. पहिली वही १९५८ ची. तिच्यावर पत्ता आहे 'जि. द. सातारा'. आजच्या सांगलीकरांना हे चमत्कारिक वाटेल; पण १९४९ पासून १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा असेच होते. शेवटची वही २०१६ ची. मजकूर म्हणाल तर अगदी साधा. आज पाऊस, मनिऑर्डरी अकरा, हिने लोणचे घातले. पण वह्या एकेचाळीस! आई गेल्यावर अण्णा सांगलीला ताईकडे राहिले आणि तिथेच २०१८ मध्ये गेले. वह्याही तिथेच राहिल्या.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीला महापूर आला. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. साताऱ्याशेजारी माहुलीला वेण्णेला भेटणारी, आम्ही लहानपणी जिच्यात पाय सोडून बसायचो तीच ही कृष्णा. सांगलीत शिरली ती ताईच्या तळमजल्यावर पुरुषभर. वह्यांची ट्रंक माळ्यावर चढवताना तिची एक बाजू पाण्यात बुडाली आणि सतरा वह्या भिजल्या. पाणी ओसरल्यावर ताईने पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले, वह्या दोरीवर टांगल्या, पंख्याखाली ठेवल्या. जिथे अण्णांनी बॉलपेन वापरले होते तिथली अक्षरे टिकली. जिथे शाईचे पेन होते तिथे पानावर नुसता निळा ढग.

तेव्हा ठरले की वह्या टंकून काढायच्या. थोड्या ताईने, थोड्या मी. ती सांगलीत, मी साताऱ्यात. मधे सव्वाशे किलोमीटर आणि दोघांचीही टंकनाची गती बैलगाडीची. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांचे काम पुसून टाकण्यापलीकडे फारसे काही केले नाही. अखेरीस ताईचा मुलगा मधे पडला. तो सांगलीच्या वालचंद कॉलेजात शिकलेला इंजिनियर, सध्या पुण्याला असतो. त्याने आम्हांला 'गिट' नावाची व्यवस्था लावून दिली. लिनस टॉरवल्ड्झ नावाच्या फिनलंडच्या गृहस्थाने २००५ साली ती केली. हजारो माणसे एकाच वेळी एकाच कामात हात घालत असली तरी कोणाचे पुसले जाऊ नये म्हणून. भाचा आमच्या त्या साठ्याला रेपॉझिटरी म्हणतो, मी कोठार म्हणतो आणि ताई 'ते अण्णांचं' म्हणते.

या कोठारात काही पुसले जात नाही. तुम्ही एक शब्द बदललात तर जुना शब्दही राहतो, नवाही राहतो. कोणी बदलला, कधी बदलला हे राहते. आणि काय बदलले याची एक ओळ प्रत्येक वेळी लिहावी लागते. शिवाय ज्याच्या ज्याच्या कॉम्प्युटरवर कोठार उतरवून घेतले आहे, त्याच्या त्याच्यापाशी पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास असतो. हे अण्णांना फार आवडले असते. पोस्टाच्या हिशेबवहीत आकडा चुकला तर तो खरवडून काढायचा नाही, त्यावर एक रेघ ओढायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची, हे त्यांनी आम्हांला शाळेच्या वहीतसुद्धा शिकवले होते. खोडरबर आमच्या घरात नव्हतेच.

मी तर हरखूनच गेलो. आम्ही मराठीचे मास्तर पाठभेदांवर जगणारी माणसे. दर वर्षी एम. ए. च्या वर्गाला मी लीळाचरित्राची कथा सांगतो. म्हाइंभटांनी सुमारे १२७८ मध्ये चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले त्याच्याच तोंडून ऐकून गोळा केल्या. पुढे देवगिरीवरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि शिष्यांनी ती आपापल्या स्मरणातून पुन्हा उभी केली. एकाचे स्मरण असे, दुसऱ्याचे तसे. आज आपल्यापुढे आहेत ते त्या स्मरणांचे पाठ. हा शब्द अमक्याच्या पाठात आहे, तमक्याच्या पाठात नाही, यावर आमच्या क्षेत्रात आयुष्ये गेली आहेत. म्हाइंभटांना असले कोठार मिळाले असते तर वि. भि. कोलत्यांना १९७८ ची प्रत सिद्ध करताना इतक्या पोथ्या धुंडाळाव्या लागल्या नसत्या, असे मी वर्गात म्हणालोदेखील. मुले हसली. का हसली ते मला कळले नाही.

गेल्या आषाढात मी १९९१ ची वही घेऊन बसलो. भिजलेल्यांपैकीच, पण जूनची पाने बॉलपेनने लिहिलेली, त्यामुळे स्वच्छ. बाहेर पाऊस होता, अजिंक्यतारा ढगात दिसेनासा झाला होता, शेजारी चहा होता. यंत्रवत टंकत होतो. १७ जूनला मी टंकले: 'आज मनिऑर्डरी सात. थोरलीच्या नावे आलेले पत्र दिले नाही. मन ठिकाणावर नाही.' ओळ लिहिली, जपून ठेवली, 'जून पुरा' अशी नोंद केली, वर पाठवली आणि चहा प्यायलो. चहा संपता संपता मला कळले की आपण काय वाचले.

थोरली म्हणजे ताई. तेव्हा ती एकवीस वर्षांची, मी तेरा. घरात काहीतरी कुजबुज होती एवढे मला आठवते. कॉलेजातल्या कोणाचे तरी नाव निघे आणि मी खोलीत शिरलो की आई विषय बदली. पुढच्या वैशाखात ताईचे लग्न झाले आणि ती सांगलीला गेली. भावजी देवमाणूस, तिचा संसार सुखाचा झाला. पण ते पत्र? जन्मभर एका पैशाचे तिकीटसुद्धा घरच्या कामाला न वापरणारे आमचे अण्णा, त्यांनी स्वतःच्या मुलीचे टपाल दडवले! १८९८ च्या टपाल कायद्यात टपाल दडवणाऱ्या नोकराला सात वर्षांपर्यंतची कैद होती. अण्णांना ते कलम पाठ होते. आम्हीही ते त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले होते.

माझ्या मनात एकच आले: ताईला हे दिसता कामा नये. पंचावन्न वर्षांची बाई, तिने आता हे वाचून काय करायचे? मी घाईघाईने जूनच्या फायलीतून ती ओळ काढली, वेगळ्या फायलीत ठेवली आणि भाच्याला फोन केला.

"एक फाइल कुलपात ठेवायची आहे," मी म्हणालो.

"मामा, सोपं आहे. गिट-क्रिप्ट म्हणून एक साधन आहे." त्याने मला फोनवर पाऊल पाऊल चालवले. कोणत्या फायली कुलपात जायच्या ते एका ठिकाणी लिहून ठेवायचे. मग ज्याच्याजवळ किल्ली त्याला फाइल नेहमीसारखी दिसते. ज्याच्याजवळ नाही त्याला नुसता कचरा. किल्ली आली ती अशी. मी सुस्कारा सोडला.

"पण ऐक," भाचा म्हणाला. "फायलीचं नाव लपत नाही हं. ते सगळ्यांना दिसतं. काय नाव दिलंयस?"

मी गप्प. मी नाव दिले होते 'ताईचे पत्र'.

"बरं, नको सांगूस. आणि काय बदललं म्हणून जी ओळ लिहितोस ना, तीही उघडीच राहते."

ती ओळ होती: 'खाजगी मजकूर वेगळा केला'. मराठीची पदवी घेतलेल्या माणसाला गुपित राखण्याचे शिक्षण कोणी देत नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

"आणि मुख्य म्हणजे," तो पुढे म्हणाला, "कुलूप आजपासून पुढे. त्याआधी उघडं ठेवलं होतंस ते इतिहासात उघडंच आहे. मागे जाऊन कोणीही वाचू शकतं."

मी ज्या गुणाचे वर्गात पोवाडे गात होतो तोच असा अंगावर आला. उपाय होता, पण भयंकर. इतिहासच नव्याने लिहून काढायचा, त्यात ती ओळ कधी आलीच नव्हती असा. प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरांची एक खूण असते आणि ती आधीच्या नोंदींवर बेतलेली असते. त्यामुळे एक जागा हलवली की तिथून पुढच्या साऱ्या खुणा बदलतात. आणि जुने कोठार ज्याच्या ज्याच्याकडे असेल त्याने ते टाकून नवे घ्यावे लागते. एकाने जरी जुन्यात भर घालून वर पाठवले, तर पुरलेले सगळे पुन्हा वर.

"तू काय लपवतो आहेस ते मी विचारत नाही," भाचा म्हणाला, "माझ्याकडे महिनाभरात मी काही ओढून घेतलेलं नाही. माझं टाकून देतो. पण आईकडे आहे. ती रोज रात्री नऊला बटण दाबते."

आईविषयीची गोष्ट आईपासून लपवायला मी तिच्याच मुलाची मदत घेत होतो. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून मी इतिहास बदलला. जुन्या लेखनिकांनी पोथ्यांत केलेल्या फेरफारांवर मी वीस वर्षे तोंडसुख घेतले आहे. त्यांच्यापैकी एखादा तरी त्या रात्री माझ्या खिडकीतून डोकावून गेला असेल.

झोप येईना तेव्हा सकळ लिपी आठवत पडलो. महानुभावांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या केल्या. सकळ, सुंदरी, वज्र, अंक अशा कितीतरी. सकळ लिपीचे श्रेय रवळोबासांना देतात. युक्ती साधी: एका अक्षराच्या जागी दुसरे ठरलेले अक्षर. भाषा तीच, मराठीच. फक्त पोशाख बदललेला. ज्याला अक्षरांची जोडी ठाऊक तो घडाघडा वाचणार, बाकीच्यांपुढे गारुड. गिट-क्रिप्टही तत्त्वतः हेच करते; फक्त त्याच्या जोड्या कोणा राजवाड्यांना बसून शोधता येणार नाहीत इतकेच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सकळ लिपीचा उलगडा केला. तोवर काही शतके मराठीतले पहिले मोठे गद्य मराठी वाचकाला वाचता येत नव्हते. ते नाहीसे झाले नव्हते. मठांतून होते, नकला होत होत्या, पाठ राखले जात होते. पंथाबाहेरच्या मराठी माणसाला मात्र ते बंद होते. आमच्या वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आरंभ कुठून करावा यावर वाद घातले आणि खरा आरंभ कुलपात होता. कुलूप लावणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी कधीच म्हटले नाही. पवित्र वस्तू झाकून ठेवावी असे कोणाला वाटत नाही? मीही तेच करत होतो, अशी मनाची समजूत घालून पहाटे कधीतरी डोळा लागला.

रविवारी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन मी सांगलीच्या एस. टी. त बसलो. कराडच्या पुढे पावसाने खिडकीबाहेरचे काही दिसेना. ताईला काय सांगायचे ते घोकत होतो: कोठारात बिघाड झाला आहे, जुने काढून नवे घालून देतो. खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाला ही एवढी दोन वाक्येही जड जातात.

ताईने दार उघडले, पुडा घेतला, भडंग आणि चहा पुढे ठेवला. मी कॉम्प्युटरकडे वळलो आणि घोकलेले बोलून टाकले.

"बिघाड," ती म्हणाली. "बरं."

मग ती आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद घेऊन आली. जुने निळे आंतर्देशीय पत्र. पाण्यात भिजून वाळल्यावर होतो तसा कडक, सुरकुतलेला कागद.

"पुरानंतर वह्या वाळवत होते ना, तेव्हा एक्याण्णवच्या वहीत मिळालं. हे काढून ठेवलं आणि वही तुला दिली." ती माझ्यासमोर बसली. "ती ओळ तेव्हाच वाचली होती मी. तू कधीतरी त्या पानावर येणार हे ठाऊक होतं. वाटलं, आलास की फोन करशील. तू कुलूप लावलंस."

मी काही बोललो नाही. भडंगाची वाटी हातात होती, ती खाली ठेवली.

"हे बघ," तिने पत्र पुढे केले. "डिंक पाण्याने सुटला आहे, पण कडा बघ. तिन्ही शाबूत. आंतर्देशीय पत्र फोडलं की कडेला फाटतंच. त्यांनी फोडलं नव्हतं रे. अठ्ठावीस वर्षं वहीत ठेवलं, पण फोडलं नाही."

मी उलगडून पाहिले. आत निळ्या कागदावर निळा ढग. शाईचे पेन वापरणारा मुलगा. बाहेर पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र बॉलपेनने लिहिलेला. तो टिकला होता. मी तो वाचला नाही, म्हणजे वाचायचे टाळले.

"काय असेल त्यात?"

"मला काय ठाऊक? उत्तर नाही आलं म्हणून तो थांबला असेल, आणि पत्र नाही आलं म्हणून मी थांबले. तेव्हा रडले होते खूप. आता..." तिने हाताने काहीतरी झटकल्यासारखे केले. "अण्णांचा राग आला होता पुरानंतर. दोन महिने त्यांच्या फोटोला हार घातला नाही. ह्यांना वाटलं, पुराच्या गडबडीत विसरले."

बाहेर रिक्षा गेली. ताईने पत्र पुन्हा घडी करून पिशवीत ठेवले. मी विचारले, "मग कुलूप काढू का?"

"काढू नकोस. पुण्याची, अमेरिकेतली सगळी चुलत भावंडं बघतात ते. त्यांना अण्णांचं लोणचं वाचू दे. पण किल्ली तुझ्याकडे कशाला? पत्र कोणाला आलं होतं?"

या प्रश्नाला एकच उत्तर होते. मी किल्ली तिच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिली, एका पेनड्राइव्हवरही घातली. पेनड्राइव्ह तिने पत्राच्याच पिशवीत टाकला आणि पिशवी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. माझ्याजवळची प्रत मी तिच्यासमोर पुसून टाकली. किल्ल्यांच्या बाबतीतला माझा लौकिक तिला ठाऊकच आहे. हा लेख तिने छापण्याआधी वाचला असून दोन ठिकाणी माझी वाक्ये काढून टाकली आहेत. भाच्याला तिने गणपतीत स्वतःच सांगितले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

जुने कोठार काढून नवे घालण्याचे काम मग राहिलेच होते, ते केले. निघायच्या आधी ताई म्हणाली, "थांब, एक चूक आहे. ती फाइल उघड."

तिने पत्र पुन्हा बाहेर काढले आणि खिडकीच्या उजेडात धरले. टपालाच्या शिक्क्याची काळी शाई पाण्याला दाद देत नाही. आमच्या गावच्या पोस्टाचा गोल शिक्का स्वच्छ होता: १४ जून १९९१.

"त्यांनी सतराला लिहिलं आहे. पत्र आलं चौदाला, शुक्रवारी. शनिवार, रविवार खिशात घेऊन फिरले असतील."

मी बॅगेतून १९९१ ची वही काढली. चौदा, पंधरा, सोळा. मनिऑर्डरी, पाऊस, पुन्हा पाऊस. एक्याण्णव साली त्या तीन दिवसांत पाऊस होता की नाही कोण सांगणार. पण अण्णांनी एरवी कधी तीन दिवस लागोपाठ नुसता पाऊस लिहिलेला नाही. ताईने सांगितले तसे मी त्या फायलीत अण्णांच्या ओळीखाली टंकले: पत्रावर पोच-शिक्का १४ जूनचा. मूळ ओळ तशीच ठेवली.

मग काय बदलले ती नोंद लिहायची वेळ आली. ही ओळ कुलपाबाहेर राहते, सगळे वाचतात, हे आता मला पक्के ठाऊक होते. बोटे यंत्रावर ठेवून मी ताईकडे पाहिले.

"लिही," ती म्हणाली, "तारखेची दुरुस्ती."